कावळा शिवेपर्यंत : एका खेळवहीची प्रस्तावना

वसमतला व्हॅम्पायर कुठून आला, असं आमच्या मोंढ्यातल्या एका काकांनी ही वही चाळताना विचारलं. प्रश्न रास्त होता. इथे हळद येते, ऊस कारखान्याला जातो, पूर्णेहून अकोल्याकडे निघालेली गाडी थांबते आणि निघून जाते. काळा झगा घातलेल्या दातवाल्या सरदाराला इथे उतरायचं काही कारण नाही. मी म्हणालो, ‘‘काका, तो पुस्तकातून आला आणि आडतीच्या माडीवर राहिला.’’ काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘‘भाडं देतो का?’’

ही सगळी वही त्या दुसऱ्या प्रश्नापायी लिहिली गेली, असं म्हटलं तरी चालेल.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, आमच्याकडे सतरंजीवर. एक जण सूत्रधार. गाव, पाऊस, पोलीस, भुतं सगळी त्याच्या तोंडून बोलतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी दार उघडतो’, ‘मी त्याला खोटं सांगतो’ असं म्हणत गोष्ट पुढे नेतात. एखादी गोष्ट जमेल की नाही याची शंका असली की फासे. पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणं नाही. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला तिथून हा प्रकार रूढ झाला. त्यात गुहेत जाऊन राक्षस मारायचे असत. १९९१ मध्ये व्हाइट वुल्फ या कंपनीनं मार्क राइन-हेगन यांचा ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ आणला आणि बाजू उलटली. आता राक्षस तुम्हीच. मेलेले, रक्तावर जगणारे, माणसांत लपून राहणारे, आणि आतलं जनावर आवरताना दमछाक झालेले.

फासे दहा बाजूंचे. पात्राच्या अंगच्या गुणाला आणि शिकलेल्या कसबाला एक ते पाच ठिपके. दोन्हींची बेरीज होईल तितके फासे टाकायचे. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत ६ किंवा त्याहून वरचा आकडा पडला की तो फासा साधला. आम्ही खेळायला बसलो तेव्हा दहा बाजूंचा फासा वसमतला तर नाहीच, नांदेडच्या दुकानांतही सापडला नाही. चिठ्ठ्या करून पाहिल्या, त्या पंख्यानं उडाल्या. मग आमच्यातल्या एकाच्या डोक्यात आलं, की दहापैकी पाच आकडे साधणारे म्हणजे निम्मं-निम्मं. म्हणजे कवडी! त्याच्या आजीच्या डब्यातल्या कवड्या आल्या. उताणी पडली की साधलं, पालथी पडली की फसलं. कवडी काही तोलून-मापून निम्मी पडत नाही, पाठीचा फुगवटा आपला हिशेब वेगळा मांडतो, पण व्हॅम्पायरचं नशीबही कुठे सरळ असतं?

त्याच आवृत्तीत भुकेचे फासे वेगळ्या रंगाचे असतात. भूक वाढेल तसे साधे फासे काढून त्यांच्या जागी भुकेचे घालायचे. आम्ही साध्या कवड्यांना हळद चोळली, भुकेच्यांना कुंकू. टाकलेल्या कुंकवाच्या कवड्या सगळ्याच्या सगळ्या पालथ्या पडल्या की जनावर सुटलं असं धरायचं. खेळ संपवून घरी गेलं की बोटं पिवळी-लाल. घरचे विचारतात, कुणाकडे पूजा होती?

आता मूळ विषय. व्हॅम्पायरच्या अंगी ज्या विद्या असतात त्यांतली एक प्रेतविद्या, म्हणजे मेलेल्यांवर चालणारी सत्ता. खेळाच्या आधीच्या आवृत्त्यांतल्या बखरीत ती व्हेनिसच्या जोव्हान्नी घराण्याकडे आहे. हे व्यापारी आणि सावकार लोक. कॅपाडोशियस नावाच्या प्राचीन व्हॅम्पायरनं त्यांना आपल्या कुळात घेतलं आणि १४४४ साली त्यांनी त्यालाच पिऊन टाकून त्याचं कूळ गिळलं. त्यांच्या विद्येची मुख्य वाट पाच पायऱ्यांची. पहिल्या पायरीवर प्रेताच्या डोळ्यांत पाहून त्यानं मरताना शेवटचं काय पाहिलं ते कळतं. दुसऱ्या पायरीवर आत्म्याला बोलावता येतं. त्याचं नाव ठाऊक हवं आणि त्यानं जिवंतपणी हाताळलेली एखादी वस्तू हाताशी हवी. तिसरीवर त्याला हुकूम सोडता येतो. चौथीवर एखाद्या जागेला किंवा वस्तूला जखडता येतं. पाचवीवर छळता येतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला स्मशान दिसलं नाही, कचेरी दिसली. समन्स, जबानी, जप्ती, कोठडी. सावकारांच्या घराण्याला शोभेशीच विद्या आहे, त्याबद्दल लिहिणाऱ्यांना दाद द्यायला हवी. पण सतरंजीवर बसून ती वापरायला लागलो तशी ती बोथट वाटू लागली. आमच्यातला एक जण भूत बोलावी, कवड्या टाकी, भूत नाइलाजानं सांगे की तिजोरीची किल्ली कुठे आहे, आणि संपलं. मेलेला माणूस म्हणजे चौकशीची खिडकी. तिसऱ्या शनिवारी सूत्रधार वैतागून म्हणाला, ‘‘अरे, त्याला विचारा तरी तो कसा आहे!’’

गंमत म्हणजे मेलेल्याची बाजू त्याच कंपनीला ठाऊक होती. १९९४ साली त्यांनीच ‘रेथ : द ऑब्लिव्हियन’ काढला. त्यात खेळणारे स्वतः भुतं असतात. प्रत्येक भुताच्या कागदावर त्याच्या वासना लिहिलेल्या, आणि त्याला या जगाशी बांधून ठेवणारी बंधनंही : एखादं घड्याळ, एखादं घर, एखादं लेकरू. वासना पुरी झाली की भुताला बळ येतं, बंधन तुटलं की त्याचा एक धागा सुटतो. हे वाचताना मी थांबलोच. हे तर आपलं दहाव्याचं पिंडदान. मात्र त्यांनी हुकूम एका पुस्तकात ठेवला आणि वासना दुसऱ्यात. ही वही म्हणजे ती दोन पुस्तकं एका दोऱ्यानं शिवायचा प्रयत्न आहे, आणि दोरा इथला आहे.

तो दोरा कसा दिसतो ते सांगतो. नदीकाठी दहाव्याचा विधी चालू आहे. भाताचा पिंड पानावर मांडलाय, भोवती मंडळी उन्हात उभी, मागे हटलेली. कावळे झाडावर आहेत पण उतरत नाहीत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग कुजबुज सुरू होते : काय राहिलं असेल? थोरला मुलगा पुढे होतो, हात जोडतो, ‘‘आप्पा, धाकटीच्या लग्नाचं मनात ठेवू नका, मी करतो.’’ कावळा मान वाकडी करून बघतो. येत नाही. मावशी म्हणतात, ‘‘त्यांची ती म्हैस इकू नका म्हणावं.’’ मुलगा म्हशीचं कबूल करतो. मग कुणीतरी हळूच भावकीतल्या बांधाच्या वादाची आठवण काढतं आणि सगळे एकदम गप्प होतात. ज्याच्याकडे बांध सरकलाय तो चुलता तिथेच उभा आहे. तो पायाखालची वाळू बघतो, खाकरतो आणि म्हणतो, ‘‘बरं, मोजून घेऊ.’’ कावळा उतरतो.

कावळा कशानं उतरला ते कावळ्याला माहीत. कधी भुकेनं उतरत असेल, कधी गर्दी मागे सरली म्हणून. अगदीच नाही उतरला तर दर्भाचा कावळा करून शिवतात, तीही सोय शास्त्रानं ठेवली आहे. पण ते अर्धा तास उन्हात उभं राहून एका माणसाच्या मनात काय राहिलं असेल याचा अंदाज बांधणं, आणि चारचौघांत शब्द देणं, याच्याइतकी नाट्यमय प्रेतविद्या मला कुठल्याच खेळाच्या पुस्तकात सापडलेली नाही. इथे मेलेला ऋणको नाही, धनको आहे. त्याला समन्स काढता येत नाही. त्याच्याशी बोली करावी लागते.

आपल्या भाषेनंच हे नोंदवून ठेवलंय. आपल्या धनावर बसून राहणारं, दुसऱ्याला ते भोगू न देणारं भूत म्हणजे समंध, आणि हा शब्द आलाय ‘संबंध’वरून. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधीच गेलेला मुलगा; त्याचं राहिलेलं काय ते नावातच आहे. हडळ बाळंतपणात गेलेली. इंग्रजी पुस्तकात भुतांची प्रतवारी त्यांच्या ताकदीवरून लागते. आपल्याकडे ती कशासाठी अडलंय यावरून लागते.

या भुतांची बरीचशी टिपणं आपल्याला मिळतात ती एका मेलेल्या माणसाकडून. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला लोकसमजुतींचा नाद होता. त्यानं प्रश्नावली काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरं मागवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेला असताना अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. तो इतिहास शाळेत सगळेच शिकतात. त्याच्या पेटीतले कागद पुढे एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्यानं छापले : गुजरातची टिपणं १९१४ मध्ये, कोकणची १९१५ मध्ये, आणि १९२४ मध्ये मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवर स्वतःचा ग्रंथ काढला. मेलेल्याच्या हातच्या वस्तूवरून त्याला बोलतं करणं म्हणतात ते हेच. त्या टिपणांत एक गोष्ट मात्र खटकते. खवीस कोणत्या जातीधर्माचा, झोटिंग कोणाचा, समंध कोणाचा, अशी वाटणी आहे. मेल्यावरही जात सुटलेली नाही. मास्तरांनी जे ऐकलं ते लिहिलं असणार. आम्ही या वहीत भुतांची नावं ठेवली, जाती काढून टाकल्या. कुणी याला परंपरेशी बेइमानी म्हटलं तर खुशाल म्हणावं.

मग ‘व्हॅम्पायर’ला मराठीत काय म्हणायचं, यावर आमचे दोन शनिवार गेले. रिचर्ड बर्टननं १८७० साली वेताळपंचविशीचं इंग्रजी केलं तेव्हा वेताळाला सरळ व्हॅम्पायर करून टाकलं. वेताळ रक्त पीत नाही, प्रेतात वस्तीला येतो आणि गोष्टी सांगतो. पण बर्टनला इंग्रज गिऱ्हाइकाला कळेल असा शब्द हवा होता. उलट दिशेनं नारायण धारपांनी ‘लुचाई’त स्टीफन किंगच्या कादंबरीतलं सगळं बिऱ्हाड मराठी गावात आणून उतरवलं. आम्ही ‘व्हॅम्पायर’ हाच शब्द ठेवला. पाहुण्याला त्याच्या नावानं हाक मारावी. मूळ खेळात मात्र पाहुणचाराची ही रीत पाळलेली नाही : त्यांच्या प्रेतविद्या जाणणाऱ्या एका कुळाचं नाव ‘नागराज’ आहे आणि ते माणसाचं मांस खातात. औंढा नागनाथ आमच्याच जिल्ह्यात. तिथल्या कुणाला हे अजून सांगितलेलं नाही, सांगायचा विचारही नाही.

वहीतल्या पायऱ्या आत सविस्तर आहेतच, इथे काहींविषयी फक्त त्या का आल्या ते सांगतो. मूळची पहिली पायरी, शेवटची नजर, आम्ही जशीच्या तशी ठेवली. ती चांगलीच आहे. दुसरी पायरी ‘तीन प्रश्न’. अंगात आलेल्याला विचारतात तेच : कोण आहेस, कुठून आलास, काय पाहिजे? पहिल्या दोहोंना कवड्या. तिसऱ्याला कवड्या नाहीत, कारण ‘काय पाहिजे’ हे मेलेला आपण होऊन सांगतो. ते ऐकल्यावर शब्द द्यायचा की नाही हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. शब्द दिला तर भूत मदत करतं आणि शब्द पात्राच्या कागदावर लिहिला जातो. मोडला तर हळदीची एक कवडी काढून तिला कुंकू लावायचं. ती परत पिवळी होत नाही.

‘मौन’ ही पायरी वेताळाची. राजा झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर टाकतो, वाटेत एक शब्दही बोलायचा नाही. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगून कोडं घालतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोकं फुटणार, बोलला तर प्रेत परत झाडावर. आम्ही हे शब्दशः घेतलं. ज्याचं पात्र प्रेत चालवतंय त्या खेळणाऱ्यानंच तोंड मिटायचं. बाकीचे त्याला विचारत राहतात, वेडंवाकडं, गावातलं, घरातलं. उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर भूक वाढते, बोलला तर प्रेत कोसळतं. आमच्यातला सगळ्यात बडबड्या खेळाडू ही पायरी घ्यायला नेहमी उत्सुक असतो आणि आजवर स्मशानाच्या फाटकापलीकडे पोचलेला नाही.

‘चपला’ ही पायरी कोकणातून आणली. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात; देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. मला यातला हिशेबीपणा आवडतो. फिरला तर तळ झिजायलाच हवा. आमच्या खेळात व्हॅम्पायर मेलेल्याला कामावर धाडू शकतो, पण काम संपलं की नव्या चपला द्याव्याच लागतात, आणि झिजलेल्या चपलांवरून शिकारी माग काढू शकतात.

शेवटची पायरी पाचव्या ठिपक्याची, ‘एक रात्र’. तिच्यासाठी महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात जावं लागलं. युद्धाला पंधरा-सोळा वर्षं झालेली. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वनात आहेत. व्यास गंगेत उतरतात आणि कुरुक्षेत्रावर पडलेल्या सगळ्यांना बोलावतात. पाण्यातून कौरव येतात, अभिमन्यू येतो, कर्ण येतो. वैर कुणाच्याच मनात उरलेलं नाही. आंधळ्या धृतराष्ट्राला त्या रात्रीपुरती दृष्टी मिळते आणि तो मुलांना पहिल्यांदा बघतो. उजाडताना सगळे परत जातात. इतका मोठा प्रेतांचा मेळा जमवून व्यास त्यांच्याकडून काहीच काढून घेत नाहीत. एक निरोपसुद्धा नाही. सत्ता सगळ्यात मोठी आणि मागणी शून्य. म्हणून ही पायरी खेळणाऱ्याला आयुष्यात एकदाच, आणि स्वतःच्या फायद्यासाठी कधीच नाही.

काही गोष्टी या वहीत मुद्दाम नाहीत. भानामती नाही. मराठवाड्यात तो शब्द करमणुकीचा नाही. कपडे पेटतात, बाया भुंकतात आणि मग ‘कुणी केलं’ म्हणून एखाद्या बाईकडे बोट जातं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या लोकांनी या भागात त्यापायी वर्षं घालवली आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. मंत्रानं भुताला बोलावण्याची धमकी देऊन लोकांना घाबरवणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, हे त्याच्या अनुसूचीत गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. सतरंजीवर कवड्या टाकणं त्यात बसत नाही, हे उघड आहे. तरी आमचे दोन नियम आहेत : खरा मंत्र उच्चारायचा नाही, आणि आपल्या घरातल्या, गावातल्या खऱ्या मेलेल्याचं नाव खेळात आणायचं नाही. दुसरा नियम एकदा मोडला गेला होता. त्या रात्री खेळ अर्ध्यावर थांबवून आम्ही सगळे बसस्टँडवर चहा प्यायला गेलो आणि कवड्यांचा डबा महिनाभर उघडला नाही.

आता ‘उलटा प्रश्न’. हा नियम आम्ही बसून लिहिला नाही, खेळताना झाला. आमच्यातल्या एकाचं पात्र निजामाच्या अमदानीतला हळदीचा आडत्या. बाजारातच कुणीतरी त्याला चावलं आणि तेव्हापासून तो माडीवर राहतो, रात्रीच्या हिशेबाला खाली येतो. त्यानं एका जुन्या हमालाच्या भुताला बोलावलं. नाव ठाऊक होतं, हातची वस्तू म्हणून पोती उचलायचा आकडा होता. कोण आहेस, कुठून आलास, काय पाहिजे? हमालानं सांगितलं, मरायच्या आधीच्या हंगामाची हमाली बाकी आहे. आडत्यानं नेहमीप्रमाणे घासाघीस सुरू केली. तेव्हा सूत्रधार हमालाच्या आवाजात म्हणाला, ‘‘मालक, माझा कावळा त्या हमालीपायी अडलाय. तुमचा कशापायी अडलाय?’’

तेव्हा आमच्या ध्यानात आलं की हा इतकी वर्षं मेलेलाच आहे आणि याचा दहावा कुणी केलेला नाही. खेळणारा पोरगा बघत राहिला. कवड्या टाकायला हात गेला होता, तो मागे घेतला. त्या शनिवारी उत्तर आलंच नाही.

पुढच्या शनिवारी तो आला आणि पात्राच्या कागदाच्या मागच्या बाजूला एक ओळ लिहिलेली दाखवली. उन्हाचा एक किरण लागला तर राख होणारा तो आडत्या. आणि ओळ अशी होती : हळद वाळत घातलेली बघायची आहे, अंगणभर, दुपारी.

सूत्रधारानं कागद वाचला, परत दिला आणि हमालाच्या आवाजात म्हणाला, ‘‘बघा की मालक. मी दाखवतो. आधी माझी हमाली.’’